बेडकेवाला

राळेगावच्या दवाखान्यातून तो सायकलवर आमच्या खेड्यात येत जाय. नाव कोनी इचारलं नाही. खोकलनाऱ्याईचा बेडका डबीत घेऊन तपासाले ने, म्हनून सारे त्याले बेडकेवालाच म्हनत. बोलनं हळू, अन् डबी देतानी मान खाली.

मले लय दिवसापासून खोकला अन् ताप होता. सासू म्हने, "छातीचा रोग निघाला त हिले माहेरी धाडून देऊ." माहेरी माहं कोनी उरलं नव्हतं.

सासऱ्यासमोर खाकरनं मले जमे ना. डबीत नुसता थुकाच पडे. तो डबी उजेडात धरे अन् म्हने, "बाई, काचेवर रंग टाकून पाह्यलं तरी थुक्यात जंतू दिसत नाही. छातीतला बेडका पाह्यजे."

मंग एकदा त्यानं घरच्या साऱ्यांच्याच हातात डब्या देल्ल्या. "बाबाजी, तुमीबी खाकरा. माय, तुमीबी." सारं आंगन खाकरू लागलं. त्यात माहं खाकरनं कोनाच्या ध्यानातच आलं नाही.

आठवड्यानं तो आला. सासूनं इचारलं, "निघाला ना हिचा?"

"दोघींचा निघाला, माय," तो हळूच म्हनला, अन् दोघींच्या हातावर दवाईच्या गोया ठेवल्या.

सासू हातातल्या गोईकडं पाहतच राह्यली. मंग मले म्हने, "तू पयले घे वं, मंग मी घेतो."

तो सायकल धरून उभा होता. दोघींनी गिळल्या, तवाच गेला.