दिंद्रुडच्या शेडमधलं विमान

चार माणसं रोज एका छपराखाली जमली की किस्से आपोआप साचतात. आमच्या शेडमधल्या किश्श्यांचं वेगळेपण एवढंच, की आज सांगताना हसू येतं, पण घडताना मला हसायचं सुचत नव्हतं.

शेड म्हणजे दिंद्रुडच्या बाहेरची, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची. मी वायुदलात विमानांच्या दुरुस्तीवर होतो. निवृत्त होऊन गावी आलो आणि शेख मॅडमची गाठ पडली. मॅडम आष्टीच्या. आयुष्यभर पोरांना विमान उडवायला शिकवलेलं. आम्ही दोघांनी ठरवलं, इथल्या पोरांना हाताशी घेऊन दोन माणसांचं हलकं विमान बांधायचं. परवानग्यांचं मॅडमनी बघायचं, अवजारांचं मी. पोरं बरीच आली, बरीच गेली. टिकली दोन. अकरावीतली पूजा आणि पॉलिटेक्निकला जाणारा सिद्धार्थ.

*

पहिला धक्का पूजानं दिला. पंखाच्या आत जो मुख्य दांडा असतो, त्याला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्या, ठोकायचं काम तिचं होतं. दिवाळीची सगळी सुट्टी ती त्याच्यावरच बसली होती. सुट्टी संपल्यावर मी तपासायला गेलो, तर दांडा टेबलावर उघडा, भोकं सगळी मोकळी आणि खाली रिव्हेटांचा ढीग.

मला वाटलं, कुणीतरी दुश्मनी काढली.

"कुणी केलं हे?"

"मीच, सर. एक रिव्हेट बसवताना हात सटकलता. तवा कुणाला बोलले न्हाई."

"मग तेवढा एक काढायचा ना."

"कोणता ते आठवंना. म्हून सगळेच काढले."

मी चहा करायला बाहेर गेलो. परत येताना तिच्यासाठीही एक कप आणला, आणि नव्या रिव्हेटांचा डबा.

*

पंखांवर कापड ताणायचं काम सिद्धार्थचं. ते ढोलकीसारखं ताणून झालं, त्याच आठवड्यात तालुक्यातले एक पुढारी फोटो काढायला आले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पांढरे बूट, मागं दहा-बारा माणसं. मॅडम सांगत होत्या, "भाऊ, ह्या काळ्या पट्टीवरून चढा." भाऊ कॅमेऱ्याकडे बघत भलतीकडूनच चढले. फर्रकन आवाज झाला आणि भाऊंचा पाय गुडघ्यापर्यंत पंखात.

त्यांची माणसं उचलायला धावली, तोच सिद्धार्थ ओरडला, "हात लावू नका बे कुणी!"

एकानं त्याची कॉलर धरली. भाऊच म्हणाले, "सोड त्याला. बोल रे, काय करू?"

"पाय वढला तर आतली फासळी मोडंल, भाऊ. अजिबात हलू नका."

तो पंखाखाली उताणा झोपला, खालून कापड कापलं, बुटाची लेस सोडली, बूट खाली काढून घेतला आणि नुसत्या मोज्यातला पाय हळूच वर सरकवला. तोवर भाऊ माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभे. फोटोवाल्यानंही कॅमेरा खाली घेतला होता.

जाताना भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं पोरगंबी माझ्याशी असं बोलत न्हाई. ह्याला सांभाळा." धमकी होती की कौतुक, मला कळेना. दोन दिवसांनी त्यांचा माणूस आला, हे कापड कुठं मिळतं, भाऊंना भरून द्यायचंय, असं विचारायला.

*

इंजिन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवसाचं मात्र अजूनही हसू येत नाही. विमान शेडबाहेर, चाकांना ठोकळे, शेपटी दोरखंडानं बाभळीला बांधलेली. भोवती दोरी लावून लोकांना लांब उभं केलेलं. मॅडम आत बसल्या आणि इंजिन झटक्यात लागलं. माणसं टाळ्या वाजवायला लागली.

तेवढ्यात पूजाची आई डबा घेऊन आली. लेक समोर दिसली म्हणून दोरीखालून वाकून सरळ तिच्याकडे निघाली. मधे विमानाच्या नाकावरचा पंखा फिरत होता. जोरात फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही, नुसती हवा दिसते. मी ओरडलो, पण इंजिनापुढं माझा आवाज काय ऐकू जाणार.

पूजानं वळसा घालून पळत येऊन आईला अक्षरशः आडवं पाडलं. डबा उडाला, कालवण मातीत. मॅडमनी इंजिन बंद केलं. आई चिडून उठली, लेकीच्या कानाखाली एक ठेवून दिली. "आईला ढकलतीस व्हय?"

मग पंखा हळू झाला, पाती दिसायला लागली आणि थांबली. आईपासून हातभर अंतरावर. ती बघतच राहिली. "मला तर सगळं मोकळंच दिसत होतं," एवढंच म्हणाली आणि लेकीला धरून खाली बसली. त्या दिवशी पुढं कुणी कामाला हात लावला नाही.

*

उड्डाणाची परवानगी आली ती लांबच्या एका धावपट्टीवरची. धड आणि पंख वेगळे करून ट्रॉलीत घातले. चौसाळ्याला हायवेवर हवालदारानं अडवलं.

"काय हाय हे?"

"विमान," सिद्धार्थ म्हणाला.

"कुणाचं?"

"आमचं."

हवालदार एकदा त्याच्याकडे बघे, एकदा ट्रॉलीकडे. मग शेपटीवरचा नंबर त्याला दिसला. "ह्यो कोणत्या जिल्ह्याचा नंबर?"

"जिल्ह्याचा न्हाई, साहेब. देशाचा हाय."

त्यानं पंखाच्या टोकाला लाल फडकं बांधायला लावलं आणि मागच्या गाड्या थांबवून आम्हाला वाट दिली.

*

चाचणीची उड्डाणं मॅडम एकट्याच करायच्या. पोरांनी खालून बघायचं. सुरुवातीची उड्डाणं नीट झाली. एका सकाळी विमान धावपट्टीच्या बरोबर वर, चांगलं उंच, घिरट्या घालत होतं आणि इंजिनाचा आवाज थांबला.

मी वॉकीटॉकीवर हाका मारत राहिलो. पूजानं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. सिद्धार्थ वर बघतच नव्हता, जमिनीकडे बघत उभा. विमान एक गिरकी घेऊन वळलं, आणखी एक घेतली आणि घार उतरते तसं खाली आलं. चाकं टेकली. ते थांबेपर्यंत आम्ही पळतच होतो.

मॅडमनी काच उघडली.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"काही नाही. मी बंद केलं."

वायुदलात इतकी वर्षं काढली, पण माझ्या तोंडून 'का' ऐवजी गावाकडचंच निघालं, "कावून, मॅडम?"

त्या पोरांकडे बघत होत्या. "इंजिन आपण विकत आणलंय. पंख ह्यांनी बांधलेत. नुसते पंख कसे वाजतात ते ऐकायचं होतं. रिव्हेट ढिला असला की खडखडतो, कापड सैल असलं की फडफडतं."

सिद्धार्थनं पहिल्यांदा मान वर केली. "मग? काय ऐकू आलं?"

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या.