आबा पाण्याला निघाले

‘वाँडर’ म्हणजे उद्देशाशिवाय भटकणं, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण स्वतः कामाशिवाय कधी गावाबाहेर पडले नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर एका सकाळी बारामती स्टँडवर दिसली ती इंदापूरची एसटी पकडली. जमलं तर नरसिंहपूरचा संगम बघू, नाहीतर मन होईल तिथं उतरू.

काटेवाडी मागं पडली. दोन्हीकडं ऊस, मधूनच गोठे. शेजारच्या बाईंनी पेरूची फोड हातावर ठेवली.

“कुणाकडं निघालाय?”

“कुणाकडंच नाही.”

“अगं बया!” त्यांनी आणखी एक फोड दिली. कीव आली असावी.

शेळगावला उतरले. शेतांकडं पाणी नेणाऱ्या चारीच्या कडेनं एक म्हातारे खांद्यावर खोरं टाकून तरातरा चालले होते.

“कुठं निघालात, आबा?”

“पाण्याला. आज आपली पाळी हाय. उशीर झाला तर पाणी फुडं जातंय.”

मला राहवतंय कुठं! मीही मागोमाग निघाले. ढेकळांत चप्पल तुटली, ती हातात घेतली. चारी कोरडी ठणठणीत होती. आबा निवांत बांधावर बसले. “येईल. दम धरा,” म्हणाले.

पाणी नाही, स्कूटीवरून त्यांची सून आली. चेहरा पार उतरलेला.

“आबा, सगळं गाव पालथं घातलं की वो!” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “हे रान इकून लई वर्सं झाली, पर ह्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय. डाक्टर म्हणाले, वाँडर करत्यात. घरचे म्हणत्यात, उद्यापासनं भाईरनं कडी घाला. वाटंत उघड्या इहिरी हायत, भ्या वाटतं. वाँडर म्हंजी काय वो, बाई?”

“कामाशिवाय भटकणं,” मी सवयीनं सांगून टाकलं.

ती आबांकडं बघत राहिली. “आबा जल्मात कधी बिनकामाचं उंबऱ्याभाईर पडलं न्हाईत.”

मला एकदम रडू आलं. ती त्यांच्याशेजारी बसली. “कडी न्हाय घालायची. पाण्याला निघालं की मीच संगं येत जाईन.”

त्यांच्या घरी भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. संगम राहिलाच. निघताना आबा सुनेला हळूच म्हणाले, “बाईंना एसटीत बशीवून ये. वाट चुकल्यात. कुठं जायचं त्ये सांगंनात.”

परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, “कुणाकडं आला होता, बाई?”

“शेळगावच्या आबांकडं,” मी म्हणाले.