मागच्या सीटवरची दोन वर्षं

आर्णी तालुक्यातल्या पंधरा-वीस गावांत मी जनावरांची औषधपाण्याची कामं करतो. लोक मला डाक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पदविका केलेला माणूस आहे. पण म्हशीनं चारा सोडला की रात्रीबेरात्री फोन मलाच येतो, म्हणून त्या हाकेला ओ द्यायची सवय लागली. बरीच वर्षं मोटारसायकलवर फिरलो. रस्ता कुठं फुटलाय, कोणत्या नाल्यावरून पावसाळ्यात गाडी जात नाही, हे अंगात मुरलं होतं. थकवा असायचा, पण तो रात्री झोपलं की जाणारा होता.

एका सकाळी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात म्हशीला सलाईन लावत असताना मी खाली पडलो. पडल्याचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा शेतकऱ्याच्या बायकोनं माझ्या नाकाशी फोडलेला कांदा धरला होता, आणि शेतकरी माझं डोकं मांडीवर घेऊन शेणात बसला होता. पँट ओली झाली होती. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्या कमरेभोवती गुंडाळला. म्हशीची सलाईन मात्र त्याच्या भावानं हातात उंच धरून ठेवली होती, ती पूर्ण होईपर्यंत.

यवतमाळला दाखवलं. तपासण्या झाल्या. फिटचा आजार आहे, गोळ्या चालू राहतील, आणि निदान दोन वर्षं गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी विचारलं, "हळू चालवली तर?" त्या म्हणाल्या, "हळू पडलात तरी मागून ट्रक येतोच ना."

गोळ्यांनी डोक्यात सरकी भरल्यासारखं व्हायचं. दुपारी बारापासून डोळे मिटायला लागायचे. सुरुवातीला मी वडाप करणाऱ्या काळीपिवळी जीपनं जाऊ लागलो. दारव्हा रस्त्यावर चालणाऱ्या एका जीपचा ड्रायव्हर जवळच्या तांड्यातला होता. त्याच्या बैलांना मी पूर्वी कधीतरी औषध दिलं असेल. त्याला माझ्या आजाराचं कोणी सांगितलं, मला माहीत नाही. पहिल्याच दिवशी मी दाराजवळ बसलो तर त्यानं मान मागं वळवून म्हटलं, "डाक्टर, तुम्ही मंधात बसा. दारापाशी नोका बसू." मग दोन बायकांना सरकवून त्यानं मला मधोमध बसवलं. पुढं रोज तेच. जीप कितीही भरो, माझी मधली जागा राखलेली असे.

पण जीप मोठ्या रस्त्यानं जाते. आतल्या गावांना पोचायचं तर तीन-चार किलोमीटर चालायचं, हातात बॅग आणि खांद्याला लसींसाठी बर्फाचा डबा. एका आठवड्यात मी निम्मीच गावं केली. त्या रविवारी जेवताना बायको म्हणाली, "मीच घेऊन जाईन तुम्हाले."

तिला स्कूटर येत होती, पण ती बाजारापर्यंतची. ती दिग्रसची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, घर गावात, अंगणात कधी शेळीसुद्धा नव्हती. जनावरांना ती घाबरायची. घरी शिवणकाम करायची आणि हंगामात तिच्या मशीनपाशी ब्लाउजच्या कापडांचा ढीग असायचा.

"अन् शिलाई?" मी विचारलं.

"शिलाई कुठं पळून जाते?"

माय पलीकडं भाकर थापत होती. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या पोरीच्या शाळेचं मी पाहीन."

अशी ती दोन वर्षं सुरू झाली. सकाळी सातला निघायचं. बायको पुढं, मी मागं, माझ्या मांडीवर बॅग. पायाशी डबा ठेवायची जागा स्कूटरला होती, तेवढी सोय मोटारसायकलपेक्षा बरी. पहिल्या गावात शिरलो तेव्हा पानठेल्यावर बसलेले चौघं उठून उभे राहिले. आतून पानठेलेवाला हसून म्हणाला, "आज डाक्टरले बाई घेऊन आली बाप्पा." बायकोनं गाडी थांबवली नाही. गोठ्यापाशी उतरल्यावर तिनं विचारलं, "तो पानठेल्यावाला कोन होता?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या घरी म्हैस हाय का?" मी म्हटलं, आहे. "मंग येईल तो," असं म्हणून ती बाभळीच्या सावलीत स्कूटरवर बसून राहिली.

पहिले काही महिने ती तशीच बाहेर बसायची. सोबत पिशवीत बटणं आणि हुक लावायचं काम आणायची. मी आत काम करायचो, मध्येच वाकून बघायचो तर ती बाभळीच्या विरळ सावलीत मान खाली घालून सुई ओढत असायची. मग बाहेर येऊन मी मागं बसायचो.

मला एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते, कारण लोक ती बोलत नाहीत. मदत घेणं फार थकवणारं असतं. रोज सकाळी कुणाचं तरी तोंड बघून निघायचं आणि संध्याकाळी कुणाचे तरी कष्ट आठवत झोपायचं. ज्याच्या गोठ्यात मी पडलो होतो, तो शेतकरी कुठंही भेटला की पहिला प्रश्न विचारायचा, "गोया घेतल्या का?" प्रेमानंच विचारायचा. तरी कधी कधी वाटायचं, आज यानं नुसतं म्हशीबद्दल बोलावं. आभार मानायला जीभ वळायची नाही असं नव्हे. पण आभार रोज मानायचे तर माणसाकडं तेवढं बळ लागतं, आणि माझं बळ गोळ्यांनी नेलं होतं.

एका गावी कालवड अडली होती. तिचं पहिलंच वेत. घरी फक्त म्हातारा होता, मुलगा आर्णीला बी-बियाणं आणायला गेला होता. वासराचं डोकं मागं वळलेलं. म्हाताऱ्याच्या हाताला जोर नव्हता. मी बाहेर हाक मारली. बायको दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"काय करू?" तिनं विचारलं.

"तिचं तोंड धर. घट्ट. बोलत राहा तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही."

ती आत आली. कालवडीचं तोंड छातीशी धरलं आणि तिच्याशी बोलू लागली. काय बोलत होती ते मला नीट ऐकू येत नव्हतं, पण ती लेकीला ताप आला की जशी बोलते तसाच तो आवाज होता. बराच वेळ गेला. वासरू आलं ते जिवंत आलं. म्हाताऱ्यानं आम्हा दोघांच्या हातावर पाणी घातलं. बायको हात धुऊन गोठ्यामागं गेली, तिथं तिला उलटी झाली, आणि तोंड धुऊन ती परत आली.

परतताना तिनं गाडी हळू घेतली. मी मागून म्हटलं, "उद्या नको येऊ. आराम कर."

"अन् तुम्ही कोनासंगं जासान?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूला कपाशी उभी होती आणि स्कूटरचा आरसा हलत होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात मायनं मला ओट्यावर बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "तिची कंबर दुखून राह्यली. तुले सांगत नाई थे. राती मी शेकून देतो." मी घरात गेलो. बायको मशीनवर बसली होती, एक हात कमरेवर होता. मी काही विचारलं नाही, कारण तिनं "काही नाई" म्हटलं असतं.

मग मी जे करायचं टाळत होतो ते केलं. गावोगावच्या लोकांना फोन लावले आणि सांगितलं की यापुढं आठवड्यातले काही दिवस मला न्यायला यावं लागेल, परत सोडावं लागेल. बोलताना लाज वाटत होती. दोघांनी दुसरा माणूस धरला, त्यांचंही चुकलं नाही, काम अडतं. बाकीचे "एवढंच ना?" म्हणाले. मला न्यायला येणाऱ्यांत तो पानठेलेवालाही होता. तो गाडी इतकी हळू चालवायचा की पोचायला उशीर व्हायचा. विचारलं तर म्हणाला, "तुमच्या बाईनं सांगितलं हाय, चाळीसच्या वर नोको जाऊ." जीपवाला तर आपल्या फेरीतून मुद्दाम आडवाटेनं वळायला लागला. आतले प्रवासी कुरकुरायचे. तो म्हणायचा, "जनावर बिमार हाय, तुमचंच असतं तर?"

दोन वर्षं उलटून गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चालवायला हरकत नाही, पण गोळ्या चुकवू नका, आणि झोप पूर्ण घ्या. मला वाटलं होतं मी हसत घरी येईन. तसं झालं नाही. एसटीत खिडकीला डोकं टेकवून यवतमाळपासून आर्णीपर्यंत झोपलो. घरी सांगितलं. माय रोज हात जोडते त्या भिंतीवरच्या फोटोपुढं तिनं मेणबत्ती लावली. बायको म्हणाली, "बरं झालं," आणि पाणी भरायला गेली.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलं, "तू फार केलंस माझ्यासाठी."

"गाडी चालवली," ती म्हणाली. "आनखी काय केलं?"

"अजून पुष्कळ केलंस."

"असंन. आता झोपा. गोळीनंतर जागायचं नाई म्हनलं ना त्या बाईनं."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर एकटा निघालो. पहिल्या वळणावर थांबून घोटभर पाणी प्यालो, मग पुढं गेलो. तीन गावं केली. प्रत्येक गावात लोकांनी विचारलं, "बाई नाई आली?" आणि प्रत्येक ठिकाणी मला ती नसल्याचं जाणवलं. मागं वळून बघावं असं अनेकदा वाटलं, मागं फक्त बॅग बांधलेली होती.

दुपारी घरी आलो. दार उघडं होतं. मायनं ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं. बायको आतल्या खोलीत जमिनीवर चटईवर झोपली होती, पोटावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच पडलेला, तोंड थोडंसं उघडं. इतक्या दिवसांत तिला दुपारी झोपलेलं मी पाहिलं नव्हतं. मी ओट्यावर येऊन बसलो. पाय सैल सोडले. अंगातला सगळा शीण तेव्हा एकदम वर आला.

फोन वाजला. एका गावात गाय रवंथ करत नव्हती. एरवी मी लगेच उठलो असतो. मी सगळं नीट विचारून घेतलं, पोट फुगलेलं नव्हतं, पाणी पीत होती. हळू आवाजात म्हटलं, "संध्याकाळी येतो. तोवर कोमट पानी पाजा."

"बाईले घेऊन या," पलीकडून आवाज आला.

"नाही," मी म्हटलं, "ती झोपली आहे," आणि भिंतीला पाठ टेकली.