अण्णाने न प्यायलेलं एळनीर

आमच्या घरी डॉक्टरांवरची डॉक्टर म्हणजे अक्का, माझी थोरली आत्या. तिचं औषध एकच: शहाळ्याचं पाणी, आमच्या बेंगळुरी मराठीत एळनीर.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आनेकलच्या रस्त्यावर लॉरी उलटली आणि अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, पाय तिच्याखाली चिरडला. पाय वाचला, पण लघवी बंद पडली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थांबलीत. बहुधा आपणहून सुरू होतील, तोवर त्याला जगवायचं. कृत्रिम मूत्रपिंड विलायतेत होतं. इथे उपचार म्हणजे मोजकं पाणी, साखर आणि मनाई. शहाळं तर मुळीच नको. त्यातलं पोटॅशियम अंगात साठून हृदय बंद पाडतं.

"मेला तहानेनं मारतोय त्याला," अक्का म्हणाली. "तू स्वल्प एळनीर घेऊन जा. नर्सला दिसू देऊ नकोस."

फिरकीचा तांब्या पिशवीत लपवून मी रोज जाई. अण्णाचे ओठ फुटलेले. नर्स ते ओल्या कापसाने पुसत असे आणि खाटेपासून हलत नसे. मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन एळनीर स्वतःच पिऊन टाकी. विज्ञानावरच्या श्रद्धेने नव्हे. नर्सची भीती होती आणि ऊन कडक होतं.

"संपलं का रे?"

"सगळं संपलं, अक्का."

पुढे बाटलीत थोडी लघवी दिसली, मग धो धो. घरात पेढे वाटले. श्रेय एळनीरला, शिव्या डॉक्टरांना, आणि शौर्य माझ्या वाट्याला. एवढ्या प्रेमाने दिलेलं शौर्य परत कसं करायचं?

काही वर्षांनी जुलाबांनी खंगून अक्काचीच लघवी बंद झाली. तेच डॉक्टर, तीच मनाई. अण्णाच्या बायकोने, माझ्या वहिनीने, एळनीर आणलं खरं, पण खाटेपाशी तिचा हात अडखळला.

"भावोजी, खरं सांगा. ह्यांना दिलं होतं ना तुम्ही?"

अक्का माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

"दिलं होतं," मी म्हणालो.

वहिनीने एळनीर पाजलं. रात्र उलटायच्या आत अक्काचं हृदय थांबलं. नातेवाइकांच्या मते एळनीर द्यायला उशीर झाला, आणि डॉक्टर कसाई. आमच्या गल्लीतलं कुणी पुन्हा त्यांच्याकडे गेलं नाही. मीही नाही.

आजही आमच्याकडे कुणाची लघवी अडली की अण्णाचा दाखला देत माणसं शहाळं आणायला धावतात. धावू नका. अण्णाने एक थेंबही घेतला नव्हता. आधी डॉक्टरांना विचारा.