बिनवायरीची वायर

गल्लीत तिला सगळे वायरकाकू म्हणतात. विजेच्या कामातलं तिला ओ की ठो कळत नाही. बल्ब बदलायचा तरी आधी देवाचं नाव घेते आणि मग स्टुलावर चढते. शिलाईत मात्र हात असा, की उसवलं कुठे होतं ते दुसऱ्याला शोधून सापडू नये. लग्न झालं ते व्हिडिओ गेमचं दुकान चालवणाऱ्या माणसाशी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टीव्ही, समोर रेक्झिनचे सोफे, मधल्या दाराला पडदा. सोफे फाटले की काकू शिवायची. आत कोण कुणाशी लढतंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

काकांना नव्याचा भारी सोस. पायांनी खेळायची चटई आणली, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणाली, "काका, पाय पुसायला बरी आहे." आपण हात हलवला की पडद्यावरचा माणूस हात हलवतो असा कॅमेरा आणला, तर म्हणाली, "बटणं नाहीत तो खेळ कसला? माशा हाकल्यासारखं वाटतं." डोळ्यांना लावायचा चष्मा आणला, तर पहिलाच खेळाडू चष्म्यातल्या कड्यावरून खाली बघून असा दचकला, की शेजारच्याच्या मांडीत जाऊन पडला. पुढे चटईसाठी रांग लागली आणि चष्म्यावरून भांडणंही झाली. आधी नाकं मुरडायची आणि मग रांगा लावायच्या, ही त्या मंडळींची रीतच.

नाकं मुरडणाऱ्यांचा म्होरक्या होता वायरमन. नोकरी खांबावर चढायची, आणि गाड्यांच्या शर्यतीत त्याला तोड नव्हती. तो जिकडे, गिऱ्हाइकं तिकडे.

एकदा काकांनी खेळायचे जुने, वायरीचे रिमोट मोडीत काढले आणि बिनवायरीचे आणले. वायरमननं एक हातात घेतला, उलटासुलटा केला.

"काका, याची शेपटी कुठाय?"

"लागत नाही. हवेतून जातं."

"हवेतून? हवेतून जात असतं, तर मला कशाला खांबावर चढवलं असतं? मी आज वळवायची आणि गाडी उद्या वळायची!" सोफ्यावरचे सगळे खिदळले. "वायरीचे आणा, नाहीतर आम्ही चाललो कोपऱ्यावरच्या दुकानात."

आणि गेले की खरंच. सोफे ओस पडले. काकांच्या थोरल्या भावाचा निरोप आला, दुकान बंद कर आणि माझ्या गोदामात ये, पोती उतरवून घ्यायला माणूस हवाच आहे. काका जेवले नाहीत. कष्टाचं काकूला काही वाटलं नसतं. पण नवं काही दिसलं की ज्याचे डोळे लकाकतात, त्या माणसानं गोदामात बघायचं तरी काय?

तिनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि उठून मोडीतल्या रिमोटांच्या वायरी कापल्या. नव्या रिमोटांना त्या काळ्या दोऱ्यानं घट्ट बांधल्या, वर चिकटपट्टी लावली. दुसरं टोक टीव्हीखालच्या कपाटाच्या भोकातून आत घालून गाठ मारली. आत खेळाची पेटी होती, पण ते टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

"अगं, ही तर उडत्या पाखराला दोरी बांधलीस!"

"पाखराची तक्रार आहे का? मग तुम्ही गप्प बसा."

"पण हे खोटंच ना?"

काकूनं उरलेला दोरा दातानं तोडला. "आपण देवाला हात जोडतो तेव्हा कुठली वायर असते? तरी पोचतंच ना! ज्याचा तेवढ्यावर भरवसा नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं."

वायरमन परत आला. वायर ओढून पाहिली, खेळून पाहिलं, मान डोलावली. "बघा काका, कशी झटकन वळते! वायर ती वायर." काका खोकला आल्यासारखं करून पडद्याआड गेले. रोज सकाळी झाडताना काकू गुपचूप सेल बदलायची.

मग वायरमनलाच खुमखुमी आली. कोपऱ्यावरच्या दुकानातला पटाईत खेळाडू एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याला यानं शर्यतीचं आव्हान दिलं. शर्यत काकांच्या दुकानात, आणि जिंकेल त्याच्या दुकानात यापुढे सगळ्यांनी खेळायचं! काकांना न विचारताच ठरवून मोकळा. काकूचा जीव टांगणीला लागला.

खोली खच्चून भरली. वायरमनची गाडी पुढे होती. शेवटच्या वळणावर तो आवेशात उभा राहिला, आणि कपाटातली गाठ सुटून वायर सळसळत बाहेर आली.

"अहो, तुमची वायर!" कोणीतरी ओरडलं.

गाडी अजून पळतच होती. पण वायरमननं खाली पाहिलं. शेपटी पायाशी पडलेली. त्याचे हात जागच्या जागी थिजले, गाडी जाऊन भिंतीवर आदळली आणि ड्रायव्हर जिंकला.

"काकू, फसवलंत!" वायरमन ओरडला.

ड्रायव्हरनं मात्र स्वतःची वायर ओढून पाहिली. तीही हातात आली. "म्हणजे मीपण बिनवायरीचाच जिंकलो?" तो मोठ्यानं हसला. "जिंकलो तो या रिमोटावर, या सोफ्यावर. मग हेच माझं दुकान!" त्याची मंडळी त्याच्या मागोमाग आली, आणि गोदामाला नकार गेला.

वायरमन मात्र फिरकेना. खांबाखालून जाणारे हाक मारायचे, "अहो, ती वायर जोडलीय ना कशाला, की नुसतीच?" शेवटी काकूच खांबाखाली जाऊन उभी राहिली.

"भाऊ, वायर खोटी होती. वळणं तुमचीच होती."

"मग आपटलो कसा?"

"खाली पाहिलंत म्हणून. वरती असताना पाहता का खाली?"

संध्याकाळी तो दुकानात आला आणि हळूच म्हणाला, "माझ्या रिमोटाला तेवढी शेपटी राहू द्या. हाताला सवय आहे." काकूनं ती अशी बांधली, की रिमोट मोडेल पण वायर सुटायची नाही. वायरकाकू हे नाव तेव्हाचं.

हल्ली काकांनी नवंच काढलंय. टीव्हीखाली खेळाची पेटीच नाही. खेळ कुठल्या कुठे, दूर असतो आणि नेटवरून येतो. वायरमननं कपाटात डोकावून पाहिलं. "पेटीच नाही? मग खेळ राहतो कुठे? छे, हे चालायचं नाही." काकांचा चेहरा उतरला.

काकू आत गेली. माळ्यावरची बंद पडलेली पेटी काढली, पदरानं पुसली आणि आणून टीव्हीखाली ठेवली. वायरमननं वाकून, पूर्वी खेळाच्या कॅसेटवर मारायचा तशी, तिच्यावर सवयीनं जोरदार फुंकर मारली.

"हां, आता कसं!" तो म्हणाला आणि शेपटीवाला रिमोट घेऊन बसला.