बुजवलेलं भोक

मोऱ्याच्या कोळीवाड्यात गोवर्धनएवढा धडधाकट गडी दुसरा नव्हता. पण होडीने धक्का सोडला की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं. कोळ्याच्या पोराला दर्या लागतो, म्हणून अख्खा वाडा हसला. शेवटी तो मुंबईला एका पारशाकडे मोटार हाकायला शिकला, त्याचीच जुनी मोटार घेऊन परतला आणि मोरा ते पनवेल माणसं नि मासळी पोचवू लागला.

अठ्ठावन्न साली नारळी पुनवेनंतर मोटारीने त्रास द्यायला सुरुवात केली. सात-आठ मैल धावायची आणि जासईच्या आसपास आचके देऊन बंद पडायची. अर्ध्या तासाने आपली आपण चालू. पनवेलच्या हिरामण मेस्त्रीने तीन खेपा ती तपासली. प्लग बदलले, वायरी बदलल्या, पंप बदलला. गॅरेजात मात्र मोटार नव्या सुनेसारखी गुणी.

"मोटार ठणठणीत आहे, गोवर्धनशेट," मेस्त्री म्हणाला. "तुम्हीच कुणाला तरी दाखवा स्वतःला."

उतारू एसटीकडे वळले. धाकटा भाऊ देवजी दारात येऊन सांगून गेला, "दादा, माज्या होडीवर एक खलाशी कमी हाय. सोमवारपास्नं ये. तुज्यासाठी बालदी ठेवतो."

रविवारी गोवर्धनची बायको धोंडूबाई मासळीच्या पाट्या घेऊन मागे बसली. जासई आली, मोटार थांबली.

"झाला! आता बोंबील हितंच सुकवू," धोंडूबाई खाली उतरली. "अवो, गॅरेजात का नाय बंद पडत ही?"

"मना ठावं असता तर उद्या होडीवर जायची पाली आली असती काय?"

"तो मेस्त्री पयला काय करतो?"

"काय करतो? टाकीचा झाकन काढतो. काठी घालून पेट्रोल बघतो."

"मंग?"

"मंग झाकन तसाच उघडा टाकून इंजान चालू करतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोवर्धनने मागे जाऊन झाकण फिरवलं. टाकीने 'सुस्स' करून हवा आत ओढली. झाकण बंद असलं की बाहेर जाणाऱ्या पेट्रोलच्या जागी आत हवाच येत नव्हती, म्हणून पेट्रोल टाकीतच अडकत होतं.

गोवर्धनने झाकण उलटंपालटं केलं आणि खाली बसला.

"हितं बारीक भोक होता. पुनवेला देवजीची होडी डांबरली, तवा उरलेला डांबर मी मोटारीला खालून चोपडला. ह्यो भोक पन बुजवला."

"कशापायी?"

"अगो, भोक दिसल्यावर कोली काय करल?"

"ही काय होडी हाय? दर्यात घालनार होता तिला?" धोंडूबाईने अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या हातात दिला. "टोचा."

त्याने डांबर कोरून काढलं, झाकण बसवलं. मोटार जासईतून निघाली ती थेट पनवेलच्या बाजारात थांबली. गोवर्धनने दोनदा मागे वळून टाकीकडे पाहिलं, तेव्हा धोंडूबाई ओरडली, "म्होरं बघा!"

पाट्या उतरवताना ती म्हणाली, "भावजींना सांगा, दुसरा खलाशी बघा."

"काय बिघडला व्हता इचारला तर?"

"मेस्त्रीला इचारा म्हनावं. डांबराचा नाव काढाल तर बघा."

सोमवारी देवजी दुसरा गडी घेऊन दर्यावर गेला. गोवर्धन मोऱ्याच्या धक्क्यावर मोटारीला टेकून उभा होता. मुंबईची लाँच लागताच त्याने हाक दिली, "पनवेल, पनवेल! थेट पनवेल!"