सुदामच्या मनगटातलं कडं

सुदामच्या मनगटातलं कडं मी हॅकसॉच्या पात्यानं कापलं, तेव्हा तो जिवंत होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुदाम आणि मी आयटीआयला एका बाकावर.
पुढं मी एमआयडीसीच्या रस्त्याला फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं, तो रोलिंग मिलमध्ये लागला. भट्टीजवळचं काम.

शिफ्ट सुटली की अंग दुखतं म्हणून घ्यायचा.
मग अंग दुखायच्या आधीच घ्यायला लागला.

हात थरथरायला लागले तेव्हा मिलनं घरी बसवलं. मीरावहिनी लेकीला घेऊन माहेरी निघाल्या. तेव्हा कुठं हा गडी व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाला.

जायच्या आदल्या दिवशी दुकानात आला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"शब्ब्या, मला एक कडं करून दे."

"सोन्याचं करू का?"

"मजाक नको करू बे. निघणारच न्हाई असं कर."

मला लगेच कळलं. सुदामच्या आधीची भावंडं जगली नव्हती. हा झाला तेव्हा त्याच्या मायनं देवीला नवस बोलून पायात लोखंडी कडं घातलं होतं. पोरगं जगलं, चालायला लागलं, मग देवीपुढं नेऊन काढलं.
त्याला आता हातात तसंच पाहिजे होतं.

"दारू सुटली की तू अन् मी देवीला जाऊ. तिथंच काढू," म्हणाला.

त्याच्याच मिलच्या सळईचा तुकडा माझ्याकडे पडून होता. तापवला, पाइपावर वाकवला, कानशीनं घासला, पॉलिश पेपर मारून चकचकीत केला. बंगल्याच्या गेटलासुद्धा मी एवढी मेहनत घेत नाही.

मनगटात घातल्यावर तोंड बंद कसं करायचं, हा सवाल होता. ओलं गोणपाट हाताला गुंडाळलं, करंट अंगातून जाऊ नये म्हणून अर्थिंगचा चिमटा कड्यालाच लावला आणि वेल्डिंगचा एक टाका मारला.
कोणी करू नका असलं. आम्ही दोघं येडे होतो.

गोणपाटातून वाफ निघाली. लगेच हात बादलीत.

"भाजलं का रे?"

"बिलकुल न्हाई," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

त्या दिवशी मला खरंच वाटलं, मी माझ्या दोस्ताला वाचवलं.

केंद्रात बेल्ट, साखळी, अंगठी सगळं काढून ठेवतात. कडं निघेना. साबण लावला, तेल लावलं. शेवटी तिथल्या सरांनी हात टेकले. हा किस्सा सुदाम इतका रंगवून सांगायचा की आम्ही पोट धरून हसायचो.

परत आला तो अंगानं भरून. वहिनी घरी आल्या. मिलनं पुन्हा कामावर घेतलं.
संध्याकाळी दुकानात येऊन बसायचा. तलब आली की कडं मनगटावर गरागरा फिरवायचा. मी चहा सांगायचो.

मग जांब समर्थ गावाकडं त्याच्या चुलत पुतण्याचं लग्न निघालं. हळदीत कोणीतरी हातात ग्लास दिला. घरचंच कोणीतरी.

त्यानंतर सुदाम फुल बाह्यांचा शर्ट घालायला लागला. जालन्याच्या उन्हाळ्यात, मनगटापर्यंत गुंड्या लावून.
मी काय समजायचं ते समजलो.

एक दिवस आला. दुकानाबाहेरूनच वास येत होता.

"कापून टाक हे. लाज वाटून राह्यली मला."

"न्हाई कापणार. पुन्हा जाऊ ना केंद्रात. मी येतो सोबत."

"तू नको लई शिकवू. आत काय होऊन राह्यलंय, तुला काय माहीत?"

खरंच माहीत नव्हतं. कडं हातात आहे तोवर काहीतरी धरून आहे, एवढंच मला वाटत होतं. म्हणून कापलं नाही.

केंद्रात नेतो म्हणून मी सकाळी बाइक घेऊन दारात उभा राहायचो. तो मागच्या दारानं गेलेला असायचा. वहिनी माझ्याकडे बघायच्या, मी वहिनींकडे. मग बाइक वळवून मी दुकानात जायचो.

पुढं लिव्हर गेलं. पोट, पाय, हात, सगळं सुजलं. जालन्यात दवाखान्यात टाकलं.

वहिनींचा फोन आला. "भाऊ, कडं रुतलंय हो हातात. बोटं काळी पडून राह्यली. इथली कातर चालंना त्याच्यावर. तुम्ही या जल्दी."

वॉर्डात ऑक्सिजन चालू, ठिणग्या उडणारा ग्राइंडर लावता येणार नव्हता. हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, धरायला त्याला फडकं गुंडाळलं. कड्याखाली कसाबसा पत्र्याचा पातळ तुकडा सारला. सिस्टरनी हात धरून ठेवला.
कापता कापता मी माझ्याच कामाला शिव्या देत होतो.

सुदाम हसला. "माल मिलचा हाय शब्ब्या. असा न्हाई तुटणार."

थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "देवीला न्हाई ना गेलो आपण."

"जाऊ. तू उठ आधी."

कडं तुटलं. मनगटाला खोल वळ पडला होता. मी तो चोळत बसलो.

दोन दिवसांनी सुदाम वारला.

हे आज लिहितोय त्याचं कारण वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात त्याच्याच मिलमधला एकजण दुकानात आला. हात थरथरत होते. सोबत बायको.
"सुदामला केल्तं तसं कडं यांना करून द्या भाऊ," ती म्हणाली.

मी दोघांना बसवलं. चहा सांगितला. म्हणालो, "मी कडं करत न्हाई आता."

"मंग काय करावं, भाऊ?" तिनं विचारलं.

चहा येऊन गार झाला, तरी मला उत्तर सापडलं नाही, सुदाम.

तुझी लई आठवण येते यार. जिथं असशील तिथं तुला आराम असो.

तुझा शब्बीर